डब्यातली हवा

कंपनीच्या भिंतीपाशी पहिला फटका गुडघ्यावर बसला. खडीवर पडलो, तरी पोलादी डबा छातीशी धरून ठेवला. उन्हं चढली की आमच्या गावात ओझोन वाढतो, माणसं धापा टाकतात. तो ज्या वाफांपासून बनतो, त्यांचा माग काढताना इथल्या हवेचा नमुना तेवढा घ्यायचा राहिला होता.

"हवा चोरतो काय, म्हाताऱ्या?" पाइप उगारलेला पहारेकरी माझं तोंड पाहून थबकला. "सर, तुम्ही? नववीत विज्ञानात नापास केलं होतंत मला." मग त्याने पाइप मनगटावर घातला. हाड मोडल्याचं ऐकू आलं. "डब्यातली हवा सोडा. सगळी. माझ्यासमोर."

उरलेल्या हाताने मी तोटी उघडली. सुस्स आवाज थांबेपर्यंत तो डोळे रोखून उभा होता. मग मी ती घट्ट बंद केली.

"झाला रिकामा. न्या घरी, डाळ भरा."

आतली हवा नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेने डबा देण्याआधीच उपसून काढली होती. तो आवाज इथली हवा आत शिरल्याचा होता. निर्वात पोकळी त्या वर्गाला नीट शिकवता आली नाही, ही खंत जुनी होती. मोडका हात पोटाशी धरून चालताना आज पहिल्यांदा ती बोचली नाही.