दगड हलवल्यावर

सासरेबुवांच्या माशांच्या टाकीत नवा आफ्रिकन सिक्लिड मासा यायचा होता, म्हणून घरजावई सकाळपासून कोपरापर्यंत पाण्यात हात घालून दगड उपसत होता.

"हा निळा जुना. अख्खी टाकी बापाची समजतो," सासरेबुवांनी कोरड्या हातांनी समजावलं. "नव्याला नुसतं आत सोडलं तर फाडून खाईल. म्हणून आधी सगळे दगड हलवायचे. मग जुन्यालाही जागा परकी वाटते आणि नव्याला एखादी कपार मिळते. मुक्या जिवाचं मन ओळखावं लागतं, जावईबापू."

दारातून सासूबाई म्हणाल्या, "जावयांना इथे येऊन सहा महिने झाले, त्यांचे कपडे अजून बॅगेतच आहेत. तुमचं एखादं कपाट हलवू या का?"

"घरातलं काही हलवायचं नाही. जावईबापू काय मासे आहेत? समजूतदार आहेत ते."

समजूतदार जावयाने उरलेले दगड मुकाट्याने रचले. नवा मासा कपारीत शिरला, जुना गोंधळून काचेला नाक लावून राहिला. एवढं मोठं शास्त्र सिद्ध केल्यावर सासरेबुवा काठी घेऊन पाय मोकळे करायला गेले आणि सासूबाईंनी कंबर कसली.

तासाभराने ते परतले तर कपाट, पलंग, टीव्ही, खुर्ची, एकही वस्तू जागेवर नव्हती. काठी कुठे टेकवावी तेही न कळून ते दारातच थबकले.

"या ना बाबा, बसा," जावई खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "आपलंच घर समजा."