वडिलांची खरी वही

पुतणी तनुजा तिच्या आजोबांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर, पुस्तक लिहितेय. महायुद्धात ते ब्रह्मदेशावर विमानातून बॉम्ब सोडायचे. पैठणच्या तीन म्हाताऱ्यांनी तिला छातीठोक सांगितलं, की पेटत्या विमानातून ते पावसाळी छत्री उघडून गोदावरीत उतरले. ही थाप पन्नास वर्षांपूर्वी त्यांना मीच मारलेली! आज ट्रंकेच्या तळाशी वडिलांची खरी वही सापडली. गारखेड्याला तनुजाच्या घरी धापा टाकत नेली. वहीत पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘खाली बाजार भरलेला. बॉम्ब समुद्रात सोडले. साहेबाला म्हटलं, नेम चुकला.’ “काका, तीन साक्षीदार एकीकडं अन् तुमची वही एकीकडं!” “अगं बाई, छत्रीची थाप माझी! हे अक्षर त्यांचं. हेच छाप!” मी कपाळ बडवलं. तिनं ते पान दोनदा वाचलं, डोळे पुसले आणि वही मिटली. “काका, तुमच्या थापांत ही सगळ्यात सुंदर.”