लाल दोरा

"दोर घट्ट धर वडिवु, सुटला तर माझी बोटं जातील," अण्णाने बहिणीला बजावलं. कडुनिंबाच्या फांदीवरून टाकलेल्या दोराला मोटरसायकलचं इंजिन बांधलं होतं. शेवटचा बोल्ट निघत होता. एवढी चकचकीत लाल गाडी अण्णाला अचानक काळी रंगवायची होती. इंजिन सुटून खाली सरकलं, तसा मागे अडकलेला मोगऱ्याचा सुका गजरा दिसला, लाल दोऱ्याने बांधलेला. गावातल्या बाकी फुलवाल्या केळीच्या सोपटाच्या धाग्याने गजरे बांधत. लाल दोरा फक्त म्हाताऱ्या फुलवाल्या पोन्नम्माचाच. तिला परवा दिंडिगलच्या रस्त्यावर धडक देऊन कुणीतरी पळालं होतं. म्हातारी अजून शुद्धीवर नव्हती. "गाडीच्या पूजेचा असेल," अण्णा मान खाली घालून म्हणाला. "पूजेला झेंडू होता." वडिवुच्या हातातला दोर किंचित सैल झाला. "अगं, इंजिनाखाली हात अडकलाय माझा." "दिसतंय. मी ओढते, तू बोल्ट परत घाल. गाडी पोलीस ठाण्यात लालच जाईल."