सहा शब्दांची तार

“हाय का न्हाय, एवढंच सांगा ताई,” गेणूआबा म्हणाले आणि त्यांनी घामानं मऊ झालेली तार टेबलावर ठेवली.

बारामतीतल्या त्या कारखान्यात स्पॅनिश वाचणारी दीप्ती एकटीच. बी.एस्सी. झाल्यावर तिनं पुण्यात ही भाषा शिकून घेतली होती. यंत्रं स्पेनहून आलेली. तिकडून येणारे फॅक्स इंग्रजीत करून आनंदसाहेबांना द्यायचे, हे तिचं काम.

तिच्या आधीच्या माणसानं एकदा ‘बँकेनं आम्हाला भोपळे दिले’ असं इंग्रजी केलं होतं. स्टोअरकीपर दोन दिवस भोपळ्यांच्या ट्रकची वाट बघत होता. दीप्तीनं मूळ फॅक्स वाचला आणि म्हणाली, “साहेब, बँकेनं नकार दिलाय. आपण नाही का नारळ देत, तसं.” त्या दिवसापासून साहेबांचं पालुपद एकच : शब्द नको, अर्थ दे.

मग तिनं वही घातली. डाव्या रकान्यात स्पॅनिश वाक्प्रचार, मधे शब्दशः, उजवीकडे सरळ इंग्रजी. चारशे झाले होते. एकही चुकला नव्हता.

“कुणाची तार, आबा?”

“माझा मल्हार. कन्हेरीचे आमी. दीड वर्स झालं, पुण्याच्या एजंटानं स्पेनला मेंढरं राखायला न्हेला. संगं मानसिंग हाय, लोणी भापकरचा. दोघंच डोंगरात असत्यात. म्हैना म्हैना मानूस दिसत न्हाय म्हनं. दोघांनाबी लिवता येत न्हाय. पोष्टमास्तरनी हात टेकलं. एजंट म्हनतो, इंग्रजी करून आना.”

तारेत सहा शब्द होते. मल्हार एस्तिरार पाता. नो वेनिर. मानसिंग.

दीप्तीनं दोनदा वाचलं. एस्तिरार म्हणजे ताणणं. पाता म्हणजे पाय. तिनं वही उघडली नाही. हा वाक्प्रचार पहिल्याच पानावर होता. आपल्याकडे मान टाकतात, तिकडे पाय ताणतात.

तरी तिनं तपासून पाहिलं. क्रियापद मूळ रूपातच होतं, त्याला काळ नव्हता. पण तारेत माणसं व्याकरण पाळत नाहीत. दुसरी शंका जास्त महत्त्वाची होती. खरंच पायाबद्दल असेल तर? पण पाता हा जनावराचा पाय. माणसाच्या पायाला ‘पिएर्ना’ म्हणतात, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे पायाचा प्रश्नच मिटला. उरला तो एकच अर्थ. आणि मानसिंगच्या नावाआधीचे दोन शब्द, येऊ नका, त्याला धरूनच होते.

“घाई न्हाय,” आबा म्हणाले. “पर खरं सांगा. सून बाविशीची हाय. तिचा भाऊ दारात बसलाय. म्हनतो, दाजी असंल तर दहा वर्सं थांबल, नसंल तर तिचं वय घालवू नगा. आमच्यात पाट लावत्यात. म्हनून इचारतो. हाय का न्हाय?”

दीप्तीनं कागद ओढला. इंग्रजीत आधी ‘मेला’ लिहिलं, मग ते खोडून ‘निधन झाले’ केलं. ते जास्त सभ्य वाटत होतं.

“नाही, आबा.”

आबांनी कागदाची चौपदरी घडी घातली, मुंडाशात खोचली. “तुमचं उपकार झालं,” म्हणाले. “येका शब्दात सांगितलंत.”

माघात ते पुन्हा आले, पेढे घेऊन. सुनेला इंदापूरकडं दिली होती, चांगल्या घरात. दीप्तीनं एक पेढा तोंडात टाकला आणि त्या दिवशी वहीत त्या ओळीपुढं बरोबरची खूण केली.

ज्येष्ठात एक माणूस तिला शोधत आला. रापलेला, तिशीच्या आतला, हातात काठी. दारातच म्हणाला, “गेणूआबांची तार तुमीच वाचली न्हवं?”

“तुम्ही मानसिंग!” दीप्ती उठून उभी राहिली. “बसा. आबा कसे आहेत?”

“बोलत न्हाईत.”

“मुलाचं दुःख मोठंच. पण सुनेचं त्यांनी भलं केलं.”

“व्हय. काल जाऊन आलो इंदापूरकडं. लांबनं बघितली. पोटुशी हाय.” तो हसला. “ताई, तुमास्नी तिकडची भासा येती. पायाला काय म्हनत्यात?”

“पिएर्ना.”

“पाता न्हाय?”

“पाता जनावराचा.”

“आस्सं!” त्यानं मान डोलवली. “आमी मेंढरांतच शिकलो बगा. मालक मेंढराचा पाय धरायचा अन् म्हनायचा, पाता. आमी म्हनलं, पाय म्हंजे पाता. दवाखान्यात वजनं लावून माजा मोडलेला पाय तानून टांगला, तवा मानसिंगला म्हनलं, तार कर. पाय तानलाय, इतक्यात येत न्हाय, एवढंच सांग. पोष्टातल्या बाईनं तो बोलला तसं उतरून घेतलं. पोचली म्हनल्यावर दुसरी केली न्हाय.”

दीप्तीचा हात वहीवर होता. तो तिनं काढला नाही.

त्यानं काठी भिंतीला टेकवली, खिशातून एक पत्ता लिहिलेला चिठोरा काढला आणि तिच्यापुढं सरकवला.

“मानसिंग तिकडंच हाय. त्याला एक तार करून द्या. नवं काय लिवायला नगं, तेच शब्द घाला. मल्हार एस्तिरार पाता.” तो उठला. “ह्या खेपेला तुमचा अर्थ.”