जयवंतीचं पुकारणं

हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणारी जयवंती चोगले दवाखान्याच्या खाटेवर बसली होती. डोक्याच्या पट्टीतून वायरी बाहेर आल्या होत्या. तिला फिट यायच्या. मागच्या फिटला ती धक्क्यावरून थेट पाण्यात पडली होती.

"मेंदूत फिट सुरू होते ती जागा आणि बोलण्याची जागा एकाच वेळी जाग्या होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण बोलायला पहिली जागा लागतेच का, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून थोडा करंट देऊन पहिली क्षणभर बंद पाडू. बोलणं अडलं, तर ती जागा काढल्यावर फिट थांबतील, पण पुकारणंही जाईल. पुकारायला करा सुरू."

समोर सुरमईची पाटी आहे असं धरून जयवंतीने लिलाव लावला. "आठशे, साडेआठशे, नऊशे..." करंट लागला आणि पुढचा आकडा तोंडाशीच अडकला. पाण्यात पडतानाही ती इतकी घाबरली नव्हती.

"ती जागा काढून टाका मॅडम," शेजारी बसलेला तिचा नवरा दत्ताराम म्हणाला. "तिचंपण तेच म्हणणं आहे."

करंट थांबला.

"माझं तसं काही म्हणणं नाही," जयवंती म्हणाली.

जागा राहिली. गोळ्या वाढल्या, फिट कमी झाल्या, पण पुरत्या गेल्या नाहीत. आता जयवंती कमरेला होडीचा दोर बांधून लिलाव पुकारते. दुसरं टोक दत्तारामच्या हातात असतं. फिट आली तर त्याने ओढायचं, असं ठरलंय. मध्ये बोलायचं मात्र नाही.