सोनेरी केस

"एलिसचं पत्र म्हणजे कळस आहे हो, नाथाजीराव!" विष्णुपंतांनी कादंबरी मांडीवर उघडली. वाचनालयातल्या सत्काराचं आमंत्रण द्यायला ते सांगलीहून मुद्दाम माधवनगरला आले होते.

नाथाजीरावांची ही कादंबरी ताजी होती, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षात निघालेली. विलायतेत कापडगिरणीचं शिक्षण घेणारा मोहन, त्याची एलिस, धुकं आणि चुंबनं. मोहनची गावाकडची बायको तिसऱ्या पानावर तापानं मरते, म्हणजे पुढची दोनशे पानं मोकळी. नाथाजीराव स्वतः सात वर्षं विलायतेत राहून आलेले, त्यामुळे लोक चवीनं वाचत होते. त्यांची खरी बायको राहीबाई मात्र धडधाकट होती आणि आत चहा गाळत होती. तिला पुस्तक कुणी दाखवलंच नव्हतं. तिला काय कळणार!

ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा विष्णुपंत मोठ्यानं वाचत होते. बाळ गेल्याचं एलिस मोहनला कळवत होती.

"'बाळाची मूठ शेवटपर्यंत मिटलेली होती. मी ती उघडली. आत माझा एक सोनेरी केस होता.' वा! असं सुचायला काळीज लागतं."

राहीबाईनं तबक खाली आदळलं.

"माजा केस काळा व्हता," ती म्हणाली.

विष्णुपंत हसणार होते. नाथाजीरावांचं तोंड पाहून थांबले.

"राही, आत जा. पाहुणे बसलेत."

"बसू द्या की. त्यास्नी बी कळू द्या." तिचा आवाज चढला. "चौथी शिकल्याली मी. चार दिस लागलं व्हतं ते पत्र लिवायला. तुमची एक ओळ आली न्हाई. मला वाटलं, लढाई हाय, टपाल समिंदरात बुडालं आसंल. तुमास्नी पोर गेल्यालं ठावंच न्हाई, म्हणून आल्यावर मीच तुमाला जपून सांगितलं. आन् तुमी पहिल्यांदाच ऐकल्यागत रडलासा!"

"अगं, लिहिणाऱ्याला असं काहीबाही घ्यावं लागतं. तुला नाही समजायचं."

"मौतीचं पत्र वाचलं की फाडत्यात, आंघोळ करत्यात. घरात ठेवत न्हाईत. तुमी ते पेटीत घालून हितवर आणलंसा, आन् तिच्या नावावर केलंसा. लाज न्हाई वाटली?"

चहावर साय धरत होती.

राहीबाईनं विष्णुपंतांच्या मांडीवरून पुस्तक उचललं. उघडं होतं तेच पान टरकावलं, त्याचे चार तुकडे केले आणि नवऱ्याच्या पुढ्यात टाकले. विष्णुपंतांनी टोपी हातात घेतली, पण उठावं की बसावं ते त्यांना कळेना.

ती आत गेली. मोरीत थंड पाण्याची बादली आदळल्याचा आवाज आला.

"उठा," ती आतून ओरडली. "पोराच्या नावाची आंघोळ राहिलीया तुमची."