दारातली खुर्ची

बेल दाबायला उचललेलं बोट इन्स्पेक्टरने पुन्हा खिशात घातलं. माफी मागायला आलेल्या माणसाने दाराशी असं घुटमळू नये, हे त्याला कळत होतं. पण कळतं नि वळत नाही, त्यातली गत.

इन्स्पेक्टर म्हणजे पोलीस नव्हे. आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढणारा साधा माणूस. हे नाव त्याला ठोकळे मंडळाने दिलेलं. दर रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये चांगली पोक्त माणसं जमायची आणि प्लास्टिकच्या ठोकळ्यांनी बांधलेले पूल, आगबोटी, घरं एकमेकांना दाखवायची. कुणी घर आणलं की मंडळाची एक रीत होती. बोटाएवढा खेळण्यातला माणूस त्या घरात खोलीखोलीतून फिरवायचा. अडकला की घर नापास. हे काम इन्स्पेक्टरकडे असे, आणि तो ते तोंडाचा पट्टा सोडून करी. लोक पोट धरून हसत. ज्याचं घर असे, तोही हसे. हसावंच लागे.

मागच्या महिन्यात नव्या बाईंनी घर आणलं. बाई अबोल, हात मात्र विलक्षण. शेगडी, दोरीवरचे कपडे, ताटाळ्यातली ताटंसुद्धा ठोकळ्यांची. इन्स्पेक्टरने माणूस स्वयंपाकघरातून सोडला. मागच्या दाराला कपाट टेकवलेलं होतं. त्याने माणूस पुढे आणला, तर पुढच्या दारात भलीमोठी खुर्ची.

"अहो बाई, हा बाहेर पडणार कुठून? खुर्ची सरकवा की जरा."

"ती सरकत नाही," बाई हळूच म्हणाल्या.

"ठोकळ्यांची खुर्ची सरकत नाही? कमाल आहे! ज्या घरातून बाहेर पडता येत नाही, ते घर कसलं? उंदराचा सापळा म्हणा!"

हॉलभर हशा पिकला. दातांचे डॉक्टर, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, टेबलावर थाप मारून हसले. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या घराकडे बघत राहिल्या. मग ते दोन्ही हातांनी उचलून, चहा न घेताच निघून गेल्या. ठोकळ्यांचा डबासुद्धा तिथेच राहिला. त्यानंतर त्या मंडळात फिरकल्या नाहीत.

"उचलली जीभ लावली टाळ्याला," इन्स्पेक्टरची बायको म्हणाली. "कुणी हौसेनं काही करावं नि तुम्ही चारचौघांत त्याची शोभा करावी. बरं दिसतं का?"

बरं दिसत नव्हतंच. इन्स्पेक्टरला खाल्लेलं अंगी लागेना. ऑफिसात नकाशावर दार काढताना बाईंचा तो न हसलेला चेहरा समोर येई. एखाद्याचा एवढा एकच विरंगुळा असेल आणि आपण तो हिसकावून घेतला, या विचाराने त्याला स्वतःची शरम वाटे. शेवटी त्याने डॉक्टरांकडून पत्ता घेतला, डबा पिशवीत घातला आणि 'माझं चुकलं बाई' हे वाक्य घोकत इथवर आला.

त्याने बेल दाबली.

दार अर्धंच उघडलं. दाढी वाढलेल्या एका गृहस्थाने डोकं बाहेर काढलं. पिशवीतून काढलेला डबा पाहिल्यावर त्याने इन्स्पेक्टरला आत घेतलं. अंग चोरून शिरावं लागलं, कारण दारातच खुर्ची होती. इन्स्पेक्टरने ती सरकवायला हात लावला.

"असू द्या," गृहस्थ म्हणाला. "ती तिथेच असते." आणि दार लोटून तो त्या खुर्चीत बसला.

इन्स्पेक्टरने पलीकडे पाहिलं. स्वयंपाकघरात शेगडी होती, ताटाळं होतं, दोरीवर एकच सदरा होता. मागच्या दाराला कपाट टेकवलेलं होतं.

बाईंच्या बांधकामात कुठेही चूक नव्हती. सगळं अगदी मापात होतं. आणि तो त्याच्यावर हसला होता, वीस माणसांना हसवलं होतं. धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं.

"बाई आहेत का?" त्याने कसंबसं विचारलं.

"गेली. बहिणीकडे राहते आता. नोकरी धरली म्हणे." गृहस्थाने डब्याकडे तिरस्काराने पाहिलं. "काय कमी होतं हो तिला? भाजीपाला मी आणायचो, औषधं मी आणायचो. बाहेर पाऊल टाकायची वेळ येऊ दिली नाही. रविवारचं तासभर तेवढं तुमच्याकडे सोडायचो. म्हटलं, खेळण्यांत कसला आलाय धोका!"

इन्स्पेक्टरने हातातला डबा खाली ठेवला.

"त्या रविवारी आली ती पिशवी भरायलाच लागली. मी विचारलं, कुठे? तर मला म्हणते, ज्या घरातून बाहेर पडता येत नाही, ते घर कसलं? मला! एवढ्या वर्षांत कधी वर तोंड करून बोलली नव्हती." तो खुर्चीतून पुढे झुकला. "असलं बोलणं तिचं नव्हे. तुमच्यातल्याच कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं. कोण तो?"

इन्स्पेक्टरने डबा उचलून पुन्हा पिशवीत घातला. तो या माणसाकडे ठेवण्यात अर्थ नव्हता.

"मीच तो," तो म्हणाला. "आम्ही सगळे हसलो होतो. ऐकलं फक्त त्यांनी."